दुपारच्या झोपेचा तक्ता

मावशी : हळू बोला ताई. बाकीची तिघं आत्ता कुठे पुन्हा झोपलीत.

ताई : बाळाच्या आईचा दवाखान्यातून फोन आला होता. धोका टळलाय म्हणे. उद्यापर्यंत ठेवून घेणार, नुसतं लक्ष ठेवायला.

मावशी : सुटले बाई.

ताई : तो तक्ता द्या इकडे. दर दहा मिनिटांनी प्रत्येक पाळण्यापाशी जायचं. मूल पाठीवर आहे ना, श्वास चालू आहे ना, अंग तापलं नाही ना. दोन वाजेपर्यंत खुणा आहेत. दोन दहा आणि दोन वीस, दोन्ही रकाने कोरे.

मावशी : कोरेच आहेत.

ताई : भरून टाका.

मावशी : नाही भरणार.

ताई : मावशी, उद्या तपासणीला माणसं येतील. पाळणाघर बंद पडलं तर ही पोरं जातील कुठे? आणि तुमचं काय?

मावशी : ताई, बसल्या बसल्या डोळा लागला माझा. सकाळी त्या दोघांना उलट्या झाल्या. त्यांना घरी धाडलं, गाद्या धुतल्या, सगळी खेळणी औषधाच्या पाण्याने पुसली. दुसरी बाई सुट्टीवर. पाठ टेकली आणि गेलेच.

ताई : बदली बाई मी आणायला हवी होती. चार तान्ह्यांमागे एक बाई, हा आपलाच नियम. त्यात ती मोठी चिमणी, म्हणजे पोरं पाच झाली. म्हटलं, एक दिवस निभेल. ती चूक माझी.

मावशी : चूक कुणाची ते नंतर बघू. पण पोर जाता जाता राहिलंय. त्यावर खोट्या खुणा करायला हात धजत नाही माझा.

ताई : बरं. जाग कशाने आली?

मावशी : चिमणीने पदर ओढला. बाळ खोकत होतं, रडत होतं. ओठ जांभळे पडलेले. उचललं, पाठ चोळली, तुम्हाला हाक मारली.

ताई : पालथं झालं होतं?

मावशी : तेच तर कळत नाही. मी गेले तेव्हा पाठीवर होतं. पण ही चादर बघा. हा ओला डाग. नाक, तोंड, हनुवटीसकट उमटलाय. पालथंच होतं ते, बराच वेळ.

ताई : मग आपणच उताणं झालं असेल.

मावशी : पालथं पडतंय, पण परत वळता येत नाही त्याला. त्याची आई कालच सांगत होती.

ताई : चिमणीने वळवलं?

मावशी : कठडा वर होता, कडी लावलेली. साडेतीन वर्षांची पोर ती, हात तरी पोचेल का तिचा? ताई, ती काहीतरी सांगतेय. मी नाही सांगणार, तुम्ही तिच्याच तोंडून ऐका. चिमणे, ये गं इकडे.

चिमणी : बाळ कुठे गेलं?

ताई : डॉक्टरकाकांकडे. येणारे परत. तू मावशीला उठवलंस ना? किती गं शहाणी!

चिमणी : आजी म्हणाली. जा, तिला उठव.

ताई : कुठली आजी?

चिमणी : बाळाजवळची. तिने बाळाला असं फिरवलं. मग ती मोजत होती.

ताई : काय मोजत होती? एक, दोन, तीन?

चिमणी : नाही! घेतला. सोडला. घेतला. सोडला. असं.

मावशी : ताई? बसा, आधी बसा. चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा.

ताई : हे तिला कुणी शिकवलं?

मावशी : मी तर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आज पहिल्यांदाच, तिच्याकडून.

चिमणी : तिला एकच चप्पल होती. एक पाय नुसताच.

मावशी : जा राणी, तिकडे चित्र काढ. मला दिसशील अशी बस. ...कोण हो ताई? ओळखता तुम्ही?

ताई : तुमच्या आधी इथे एक बाई होत्या. अकरा वर्षं झाली. तेव्हा हा तक्ता नव्हता, पोरं झोपली की आम्ही बाकीची कामं उरकायचो. त्या बाटल्या उकळायला गेल्या. परत आल्या तेव्हा एक मुलगी पालथी झाली होती. ती वाचली नाही.

मावशी : आई गं.

ताई : कुणी बोट दाखवलं नाही त्यांच्याकडे. त्या मुलीच्या आईनेसुद्धा नाही. पण त्यांनी पट्टी घेऊन हा तक्ता आखला. पुढे वर्षभर प्रत्येक पाळण्यावर वाकून श्वास मोजत राहायच्या. घेतला, सोडला. जेवायलाही उठायच्या नाहीत. शेवटी मीच म्हटलं, आता घरी राहा.

मावशी : वारल्या का?

ताई : माहीत नाही. दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही मी. सुनेचा नंबर आहे त्यांच्या.

मावशी : लावा.

(ताई फोन लावतात. मावशी पाळण्यांमधून फिरत राहते.)

ताई : हॅलो... हो, मीच, पाळणाघरातून. सासूबाई कशा आहेत?... अगं बाई. कधीपासून?... कुणालाच नाही?... रोज दुपारी? काय करतात?... आज?... किती वाजता म्हणालात?... नाही, ऐकतेय. बोला तुम्ही... नाही हो, काही काम नव्हतं. सहजच. ठेवते.

मावशी : काय म्हणाली?

ताई : तीन वर्षं झाली, चालता येत नाही त्यांना. माणसं ओळखत नाहीत. पण रोज दुपारी एक ते चार, खुर्चीत बसून तेच पुटपुटतात. घेतला, सोडला. घरच्यांना आता सवयीने ते ऐकूही येत नाही. आज दोन वीसला एकदम आवाज थांबला. सून धावत आली, तर त्या खोलीच्या मधोमध उभ्या. एक चप्पल खुर्चीपाशीच राहिलेली. आणि दोन्ही हात असे पुढे, काहीतरी तोलून धरल्यासारखे.

मावशी : दोन वीसला.

ताई : मग हळूच बसल्या. सुनेला नावाने हाक मारली, तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, वाचली गं.

मावशी : वाचली? आपला तर मुलगा आहे.

ताई : हो.

मावशी : आता कशा आहेत?

ताई : गाढ झोपल्यात. दुपारी कधी झोपत नाहीत म्हणे. ...अकरा वर्षांत इथे एका मुलाला काही झालं नाही, मावशी. पालकांना मी मान वर करून सांगायची, आमच्याकडे नियम फार कडक आहेत. ते दोन रकाने कोरेच राहू द्या. खाली माझी सही करते.

मावशी : ताई, एक विचारू? त्या झोपल्यात म्हणजे आत्ता मोजत नाहीयेत?

ताई : नाही.

मावशी : मग इकडे आत्ता आपणच दोघी...

ताई : हो.

मावशी : जरा सरका बरं बाजूला. तुमच्यामागचा पाळणा दिसत नाही मला.