सत्काराची शाल

मी येरवड्याचीच. वडील महापालिकेत झाडणकामाला होते, आई चार घरची कामं करायची, आणि त्यांनी मला नर्सिंगला घातलं तेव्हा आमच्या वस्तीत पहिली मीच, म्हणून माझं बरंवाईट सगळं वस्तीचं असतं बघा. परदेशात नोकरी मिळावी म्हणून मी इंग्रजीची परीक्षा दिली, नर्सलोकांची वेगळीच असते ती, आणि क्लासच्या मॅडम म्हणाल्या, तुमचं बोलणं, वाचणं चांगलंय, लिहिणंही होऊन जाईल. मी घरी सांगितलं, घरातून ते वस्तीतल्या बुद्धविहारात गेलं, आणि निकाल यायच्या आधीच रविवारी वंदना झाल्यावर माझा सत्कार ठेवला हो. समोरच्या शेवंताकाकूंनी स्वतःच्या हातानं शाल घातली, म्हणाल्या, तिकडं थंडी फार असते.

आणि मी लिहिण्यातच गेले.

काय सांगू तुम्हाला, पेशंटची माहिती देतात, त्यावरून पुढच्या डॉक्टरला पत्र लिहायचं, एवढंच असतं. पण मी नवीन होते तेव्हा वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, लिहिलं नाहीस तर केलं नाहीस असंच मी धरणार, आणि हाताला तीच सवय लागली. निकालानंतर मॅडमनी सरावाला एक पत्र लिहून घेतलं, गुडघ्याच्या ऑपरेशनचा पेशंट, घरी सोडताना. मी त्याचं लहानपणीचं टॉन्सिल, सून कुठं राहते, जेवण किती गेलं, सगळं लिहीत बसले, आणि ड्रेसिंग कधी बदलायचं ते शेवटी, तेही वेळ संपली म्हणून अर्धंच. मॅडम म्हणाल्या, अहो, हे पत्र आहे की पेशंटचं चरित्र? वर्ग हसला, मीही हसले, आणि रिक्षात बसून रडले. परत परीक्षा दिली, परत तेच. मला काही गाळवतच नाही, वाटतं, आपण सोडलं आणि त्या माणसाला काही झालं तर? कागदावरचा माणूस हो, तरीसुद्धा.

विहारात कुणाला माहीत नव्हतं. व्हिसाला वेळ लागतो ना, असं लोकच म्हणायचे आणि मी मान हलवायचे. लाज वाटायची, इतकी की ड्युटीचं निमित्त करून रविवारी जायचंच सोडलं. परवा काकूंनी जिन्यात अडवलं, म्हणाल्या, जायच्या आधी दहावीच्या मुलींना दोन शब्द सांग. मी घरात गेले, शाल आणली, सत्कारानंतर घडीसुद्धा मोडली नव्हती, आणि त्यांच्या हातात ठेवली. काकू, मी नापास झाले, दोन्ही वेळा.

काकूंनी शाल परत माझ्याच हातात दिली. मग म्हणाल्या, ठेव तुझ्याकडं, थंडी काय तिकडंच पडते? आणि रविवारी ये, मुलींना हेच सांग.

शाल घेऊन आले, पण अंगावर घ्यायचं धाडस होत नाही. परीक्षा परत देणार आहे. उद्या रविवार, मुलींपुढं काय बोलायचं ते सकाळपासून मनात जुळवतेय, पण काय सांगायचं आणि काय गाळायचं, तेच तर मला जमत नाही.