वरच्या खोलीतल्या बाटल्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले वैद्यकीय अधीक्षक, पहिल्या रांगेत बसलेले अध्यक्षांचे आदरणीय सासरे, आणि ड्यूटीतून वेळ काढून भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी. मागे आवाज पोचतोय ना? ठीक आहे.

मी यकृताच्या आजारांचा वॉर्ड सांभाळते. साहेबांविषयी चार चांगले शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. ते आधी बोलते, कारण ते खरे आहेत. चिडलेला नातेवाईक तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये शिरायचा आणि चहा पिऊन, डोळे पुसत बाहेर यायचा. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात साहेब मोठ्या भावासारखे तिच्या उशाशी बसून होते. ते मी विसरणार नाही.

पण साहेब, तुमच्या तोंडून कधी कुणाला 'नाही' ऐकू आलं नाही. त्याचा त्रास आम्ही वर्षानुवर्षं काढला. या इमारतीत एक रीत पडली आहे. बाहेर कुणाला सांगितली तर हसतील. कुणी वजनदार पाहुणा तपासणीला आला, रिपोर्टमध्ये अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, आकडा जरा खाली दिसला, की साहेब म्हणणार, "जरा ताकदीचं लावून टाका." झालं! लगेच अल्ब्युमिनची ती सोनेरी बाटली स्टँडवर. अंड्याच्या पांढऱ्यातही असंच प्रथिन असतं, म्हणून नातेवाइकांनी तिचं नावसुद्धा ठेवलंय, अंड्याचं सलाईन! एक गृहस्थ मुलीच्या लग्नाआधी चेहऱ्यावर तेज यावं म्हणून ते लावून गेले. आकडा वाढला, घरच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. पुढे आकडा होता तिथे आला, तेव्हा मात्र कुणी फोटो टाकला नाही.

अहो, ते टॉनिक नाही. ज्याला अन्न जात नाही, त्याला गोडीगुलाबीनं दोन घास भरवावेत आणि आकडा का उतरला ते शोधावं. ती बाटली कुणा अनोळखी माणसांनी बाही वर करून दिलेल्या रक्तातून येते. ते काय आपल्या गालांवर लाली यावी म्हणून खुर्चीत बसले होते? मला याची किळस येते. समारंभात असं बोलू नये, कळतं मला. पण रुग्णांच्या पोटातून काढलेल्या पाण्याच्या बादल्या बघताना मला कधी शिसारी आली नाही, ती या थाटाची येते.

बादलीचा विषय निघालाच आहे, तर सांगते. माझ्या वॉर्डात आज एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. तुम्ही सगळे ज्या लिफ्टनं वर आलात, ती त्यांच्याच हातची. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, काविळीच्या विषाणूनं यकृत गेलं. पोट इतकं फुगलं होतं की आडवं झालं की जीव घुसमटायचा. आज सकाळी आम्ही नळी घालून पाणी काढायला घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, आज खूप दिवसांनी माझे पाय दिसले." थोरली बहीण शेजारी होती. ती म्हणाली, "दिसले ना? मग आता नखं काप."

इतकं पाणी एकदम निघालं की रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडं मान टाकतात. ते होऊ नये म्हणून त्याच वेळी अल्ब्युमिन द्यावं लागतं. साधं सलाईन त्याची जागा घेत नाही, ते बरंचसं पुन्हा पोटातच उतरतं. बाटल्या कपाटात आहेत हे मी स्वतः बघून मगच नळी घातली होती. बरंच पाणी निघालं, सिस्टर बाटल्या आणायला गेल्या, तर कपाट रिकामं. साहेबांच्या तोंडी हुकमावरून सगळ्या बाटल्या वरच्या स्पेशल खोलीत गेल्या होत्या.

कुणासाठी? अध्यक्षांच्या सासऱ्यांसाठी. आजोबा, रागावू नका, तुमच्यासाठी. तुमचा आकडा थोडा कमी आहे. तुम्ही आता दुसरी कॉफी घेतलीत, केकही खाल्लात, मला फार बरं वाटलं. समारंभ आटोपला की तुम्हाला त्या लावणार आहेत. तोवर बाटल्या खोलीतल्या टेबलावर, गुच्छाशेजारी, सीलबंद आहेत.

मी वर गेले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "साहेबांच्या शब्दाशिवाय हात लावता येणार नाही, मॅडम." मी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "आज माझा शेवटचा दिवस, आज कुणाशी वाईटपणा नको. नवीन माल उद्या येतोय." अध्यक्ष महोदय, तुम्हाला भेटायला आले, तर तुम्ही पाहुण्यांच्या स्वागतात होतात. मग नळी बंद केली, आमच्या धाकट्या डॉक्टरना रुग्णाजवळ बसवलं आणि इथे आले. मला भाषणाची हौस नाही. ती खोली उघडू शकणारी सगळी माणसं या सभागृहात बसली आहेत, म्हणून आले. आताच निरोप आलाय, रक्तदाब घसरू लागला आहे.

आजोबा, तुम्ही हात वर केलात? काय म्हणालात? "मला कुणी विचारलंच नाही, पोरी. देऊन टाक." ऐकलंत, अध्यक्ष महोदय? ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! आजोबा, मी तुमची ऋणी आहे. टाळ्या नकोत, थांबा. वरच्या सिस्टरना आजोबांचा शब्द चालणार नाही; साहेब, तुमची शिस्तच तशी आहे.

संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना तोल गेला असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर उद्या मला केबिनमध्ये बोलावून घ्या. खाली मान घालून सगळं ऐकेन. आज मात्र वेळ नाही.

साहेब, हा माझा फोन. पलीकडे वरच्या मजल्याच्या सिस्टर आहेत, माझं भाषण सुरू झाल्यापासून लाइन चालू आहे. तुम्ही अजून अधीक्षक आहात. घ्या, बोला.