सेन्नाची पहिली फेरी

संघरत्ना : म्हणजे तुमच्या मते आताच्या मोटार शर्यतींतल्या व्हर्स्टापेनला गाडीच चालवता येत नाही?

कोंडू : चालवतो ना, न्हाय कोण बोलतो? पण आमच्या वेळच्या सेन्नाच्या पासंगाला पुरणार न्हाय. सेन्ना ओव्हरटेक मारायचा तर आधी दिसायचा, बाबा येतोय म्हणून. हे आताचे भुतासारखे बाजूनं उगवतात. ह्याला ड्रायव्हिंग बोलतात काय?

संघरत्ना : ब्राझीलला सतराव्या नंबरवरून आला आणि जिंकला, पप्पा. पावसात.

कोंडू : आला असंल. कुठनं आला ते कोणाला कळलं?

संघरत्ना : मला कळलं. बरं, हॅमिल्टन? सात वेळा जगज्जेता.

कोंडू : शूमाखर बी सात वेळा. आकडे नको सांगूस मला. आता गाडीत डोक्यावर संरक्षणाची कमान, कानात रेडिओवरनं दहा जणांची बडबड. मागं कोण, पुढं कोण, सगळं आयतं. तेव्हा दोन हात आणि दोन डोळे, बस्स.

संघरत्ना : डोळे.

कोंडू : हां, डोळे. अशी काय बघतेस?

शैला : बघू दे तिला. तुम्ही आधी तोंड उघडा.

कोंडू : तू मधीच कुठनं आलीस?

शैला : इथंच उभी हाय मघापासून, तुमच्या बाजूला. तोंड उघडा, वास घ्यायचाय.

कोंडू : शैले, लेकीसमोर तरी लाज ठेव! पंचशील घेतलं त्या दिवसापासून थेंबाला शिवलो न्हाय मी.

शैला : मग व्हॅनचा आरसा कसा फुटला? होळीच्या आधी फुटला तो बी डावाच होता. शाळेची पोरं बसतात गाडीत, लोकांची.

कोंडू : धामणकर नाक्यावर रिक्षावाला घुसला त्याला मी काय करू? बाजूनं आला, अचानक.

संघरत्ना : हल्ली सगळे अचानकच येतात तुमच्या बाजूने. रिक्षावाले, आई, व्हर्स्टापेन.

कोंडू : काय बोलायचंय ते सरळ बोल.

संघरत्ना : चंद्राताई भेटल्या होत्या. तुमच्या व्हॅनमध्ये बसते ना, ती त्यांची मुलगी सांगते, कोंडूकाका गाडी चालवताना कोंबडीसारखी मान हलवतात. सारखी, इकडे-तिकडे.

कोंडू : चांगला ड्रायव्हर बघतोच दोन्हीकडं! आता समजलं मला. तुझ्या गोडाऊनचा तो कल्पेश व्हॅन मागत होता. त्यानं कान भरले तुझे. बापाच्या हातातनं चावी काढायची, म्हणून रविवारी गोडगोड बोलून सेन्ना काढलास.

संघरत्ना : कल्पेशला कालच नाही सांगितलं मी. चावी त्याला द्यायची नाहीये.

शैला : मग कोणाला द्यायचीय? संघू, तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय?

संघरत्ना : मी काही लपवत नाही, आई. पप्पा, एक काम करा. तुमचीच शर्यत लावते. इंग्लंडची, पावसातली.

कोंडू : त्र्याण्णव सालची? पहिल्या फेरीत पाचव्यावरनं पहिला? लाव की! बघ म्हणावं तुझ्या व्हर्स्टापेनला.

संघरत्ना : त्यात सेन्ना एकाला बाहेरून मागे टाकतो ना? तो दिसला की फक्त 'आला' म्हणायचं.

कोंडू : बापाची परीक्षा घेतेस? अगं, पाठ हाय मला ती फेरी.

संघरत्ना : पाठ नको. दिसला की म्हणा.

कोंडू : लाव. हां, सुटले. बघ, सेन्नाला दाबला, पाचवा झाला. आता शूमाखर… गेला शूमाखर! आता उतार. ती पुढची काळी गाडी बघ. तिला बाहेरनं घेणार तो. कोण घेतं त्या पाण्यात बाहेरनं? बघ हां आता. येईल.

संघरत्ना : पप्पा.

कोंडू : थांब गं, येतोय.

संघरत्ना : तो गेला, पप्पा. केव्हाच गेला.

कोंडू : न्हाय. तू पुढं ढकललीस.

संघरत्ना : रिमोट मघाशीच आईकडे दिलाय मी.

शैला : मी हात न्हाय लावला.

कोंडू : परत लाव.

संघरत्ना : लावते. टीव्हीला एवढं नाक लावून बसू नका.

कोंडू : गप. सुटले… शूमाखर गेला… आता काळी गाडी… आता… ही कॉपीच खराब हाय. मधलं कापलंय कोणीतरी.

शैला : अहो, मला दिसला की. पिवळ्या टोपीवाला. मला यातलं ओ की ठो कळत न्हाय, पण दिसला मला.

कोंडू : तू बी तिच्या बाजूनं बोल.

संघरत्ना : हिरामणकाकांचं असंच झालं होतं. पेपर वाचायचे, आणि शेजारचा तांब्या दिसायचा नाही.

कोंडू : हिरामणचं नाव काढू नकोस! दादा आंधळा होऊन गेला. मी पेपर वाचतो. लायसनच्या डोळ्यांच्या चाचणीत तक्ता वाचला, शेवटची ओळसुद्धा.

संघरत्ना : तक्ता समोर असतो, पप्पा. पोरं बाजूने येतात.

(टीव्हीवर शर्यत चालूच आहे.)

कोंडू : कधीपास्नं संशय होता तुला?

संघरत्ना : तुम्ही नव्या ड्रायव्हरांना शिव्या द्यायला लागलात तेव्हापासून. आधी हॅमिल्टन आवडायचा तुम्हाला. माझ्याशी भांडायचात त्याच्यासाठी.

कोंडू : मला बी होता. वाटलं, मान हलवून भागवीन अजून थोडे दिवस. दादाला बघितलाय गं मी. भिंतीला हात लावत मोरीकडं जायचा. घाबरलो मी, संघू.

शैला : आणि मी दारूचा वास घेत बसले. मला सांगायचं तरी होतं हो.

कोंडू : सांगितलं असतं तर त्याच दिवशी चावी काढून घेतली असतीस.

शैला : घेतलीच असती.

संघरत्ना : काका फार उशिरा गेले डॉक्टरकडे. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात, पण राहिलेली वाचते. सकाळी जाऊ. मी सुट्टी टाकते.

कोंडू : सकाळी पोरं वाट बघतील निजामपुऱ्यात.

संघरत्ना : आत्ता फोन करू सगळ्यांना.

कोंडू : मी करतो. माझी पोरं हायत ती, मीच सांगतो. चावी फ्रिजवर हाय, आईच्या हातात दे.

शैला : राहू दे तिथंच. चहा घ्या आधी.

कोंडू : घेतो. संघू, ती फेरी जरा मागं घे. पहिल्यापास्नं लाव. आणि या टायमाला तू बोलत जा, कुठनं येतोय तो.