सायलेंटवरचा फोन

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचे कान बाकावरच्या नणंद-भावजयीकडे लागले होते.

"वहिनी, दादाचा फोन सायलेंटवर आहे! म्हणूनच त्याला कुणाचे फोन कळत नाहीत."

"मीच ठेवलाय. येतोय कुणाचा? निवृत्त झाल्यापासून दिवसभर फोनकडे बघत बसायचे. आता निदान म्हणतात, वाजला असेल, ऐकू आला नसेल."

"अगं, पण मिस्ड कॉल दिसतात की!"

"एवढी बारीक अक्षरं त्यांना कुठली दिसतायत?"

"आणि आज नवा चष्मा मिळाल्यावर?"

"म्हणून तर तुला बोलावलं. ते आत आहेत तोवर लाव चार-पाच वेळा."

"सगळे माझ्याच नंबरवरून?"

बाईंनी टेबलाच्या खणातून स्वतःचा फोन काढला.

"नंबर सांगा."