चिंचखिंडीतली "जी"

ऐका रे पोरांनो, जवळ सरका. कोळवडीत तीन माणसांचं एक घर होतं. किंगरीवाला भिवनाथ, त्याची बायको तानू आणि लेक कोंडाई. भोपळ्याची किंगरी, घोड्याच्या केसांचा गज. भिवनाथ वाजवायचा, सूर पुरा झाला की तानू मागनं "जी" द्यायची, म्हणजे साथ.

पुढं उसाच्या चरकात त्याची दोन बोटं गेली. लोक म्हणाले, "भिवा, आता शेळ्या राख!" पण तानूनं चुलीपुढं बसवून त्याला पुन्हा वाजवायला लावलं. उरल्या बोटांना एक सूर उशिरा सापडायचा. तिथं तीही थांबायची, मगच म्हणायची, "जी."

मग तानू तापानं गेली. "जी" द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून तीन वर्षं कुणी बोलावलं नाही. आणि एका दिवेलागणीला सांगावा आला, डोंगरापल्याड आज जागरण आहे, ये. हे चुकलं असतं तर पुन्हा कोण बोलावतंय? लेकीला शेजाऱ्यांकडं ठेवून निघाला. जवळची वाट चिंचखिंडीतली.

आम्हा किंगरीवाल्यांत नेम आहे हं. "जी" द्यायला माणूस नसेल तर वाटेत गज लावायचा नाही. पण एकटं माणूस! करमेना. लावला गज.

लांबून आलं, "जी."

कोल्हा असेल म्हणाला. कोल्हा कधी जी म्हणतो का, सांगा! पुन्हा वाजवलं. "जी!" आता चिंचेखालून. मग अगदी पाठीशी. आणि आवाज कुणाचा? तानूचा!

"अवं, मी हाय ना मागं."

डोळेच भरले त्याचे. पाय जड झाले. मानेवर गार हात पडला. "बसा की हितंच. कोंडाईलाबी बोलवू."

अगं बाई! तिथं तो सावध झाला. तानू लेकीला असल्या काळोखात बोलवेल? त्यानं त्या उशिरा सापडणाऱ्या लंगड्या सुराची चाल धरली. सूर यायच्या आधीच मागून आलं, "जी!"

चुकली! आणि जी चुकली की मागच्यानं खाली बसायचं. रिवाज माणसाला तसा भुताला. धप्प! हात सुटला.

"एकदा मागं बघा की वं!"

नाही बघितलं. रडत रडत, वाजवत वाजवत खिंड उतरला. तानू आता कुठंच नाही, हे त्याला त्या रात्री कळलं.

ते अजून तिथंच बसलंय बरं का. त्या वाटेनं जाऊ नका. शीळसुद्धा घालू नका.

जागरणात त्यानं तीच चाल वाजवली. पेंगलेले म्हातारे उठून बसले. "ही कुणाची चाल रं?"

"माझ्या कारभारणीची."

त्या सालापासून बोलावणी संपेनात. दारात गाय आली, छपरावर कौलं आली. आणि बापाच्या मागं कोंडाई उभी राहिली. त्या सुरापाशी थांबायची, मगच म्हणायची, "जी."