वाकड्या मरळीबाबत बेबीनंदा हिवाळे यांचा जबाब

मी बेबीनंदा देवानंद हिवाळे, वय ४६ वर्षे, धंदा मासळी विक्री, रा. धावडा, ता. भोकरदन, जि. जालना. मी मासळीबद्दल अफवा पसरवते असा तलावाचे ठेकेदार अंगद सोमेश्वर गाढे यांचा अर्ज आल्यावरून मला ठाण्यात बोलावले. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पतीसह राहते. मुलगी प्रिया पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला आठवा महिना चालू आहे.

अंगद गाढे तलावात राहू-कटल्याचे बीज सोडतात. मरळ मात्र आपोआप होते व जाळ्यात येते. ती मी त्यांच्याकडून घेऊन आठवडी बाजारात टपात जिवंत ठेवून विकते. गिऱ्हाईक बोट दाखवून मासा निवडते. पाठीत वाकलेल्या माशाकडे कोणी बोट करत नाही. असा मासा पूर्वी क्वचित यायचा, यंदा दर खेपेला येऊ लागला. कोणाची पाठ वाकडी, कोणाचा जबडा तिरपा, एकाला तर एका बाजूला डोळाच नव्हता.

असे का होते, हे काही केल्या उमगेना. एकीची दुसरीला लागण होते का, म्हणून मी एक वाकडी व एक सरळ मरळ घरी ड्रममध्ये एकत्र ठेवून पाहिली. वाकडी गोल गोल फिरायची, पण गांडूळ टाकले की तीच आधी झडप घालायची. सरळ होती तशीच सरळ राहिली. पती म्हणाले, "मासे इकायचे सोडून तू त्यांची शाळा भरवून राह्यली." मलाही हसू आले.

परवाच्या बाजारात मी वाकडे मासे वेगळ्या टपात मांडले व येईल त्याला कारण विचारले. कोणी फवारणीचे औषध म्हणाले, कोणी वीज पडली म्हणाले. भाजीवाल्या झुंबरबाई ग्रहणाचा दोष काढत म्हणाल्या, "गिऱ्हाण लागलं असंल." मी म्हणाले, "मावशी, पाण्यातल्या माशाला काय कळतंय गिऱ्हाण?" लोक हसले. त्यावर त्यांनी विचारले, "मंग हे कोणी घेत न्हाई, तर जातेत कुठं?"

मी म्हणाले, "जातेत कुठं? घरी, आमच्या कालवणात." बोलून गेले आणि पाहते तर प्रिया डबा घेऊन मागे उभी. अंगात ताकद यावी म्हणून ती आल्यापासून मी तिला तेच वाढत होते. ती डबा ठेवून निघून गेली.

इतक्यात अंगद गाढे आले. "बेबीताई, माझं गिऱ्हाईक तोडून राह्यल्या का?" म्हणत त्यांनी टप गटारीत पालथा केला. एक मासा मी पदरात धरला. तो घागरीत घालून सोबत आणला आहे, जिवंत आहे.

अंगद यांच्यावर माझा राग नाही, पोट त्यांनाही आहे. पण असे मासे खाल्ल्याने पोटातल्या लेकराला काही होते का, हे मला कळायला हवे. मला भीती वाटते. दवाखान्यात विचारले, तर मासा तपासल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाले. तरी हा मासा व तलावाचे पाणी तपासायला पाठवावे.

लिहिलेले जमादार राजानंद यांनी मला वाचून दाखवले. कालवणाचे वाक्य प्रियाच्या सासरी कळले तर तुम्हाला बोल लागेल, ते काढू का, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, राहू द्या, तपासणाऱ्याला कोणी काय खाल्ले ते कळले पाहिजे. बाकीही माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे.