टीव्हीवर डोललेली मान

बजेटच्या दिवशी टीव्हीवर माझी मान दिसली होती, हे तुमच्यापैकी कुणाला आठवत नसेल, तर बरंच आहे.

नोएडात एका मराठी चॅनेलचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि कॅमेरा एकच. अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक म्हणून मला बोलावलं. आयात शुल्क कमी करायला माझा विरोध होता. तो एकदा जाहीरपणे सांगायचाच, असं ठरवून मी गेलो.

"सर, ही कपात चांगली की वाईट?" बातमीदार मृणालनं विचारलं.

"वाईटच. अर्थात, एका मर्यादेत..."

"सर, प्लीज, मर्यादा नको. अर्ध्या मिनिटात बसवायचंय."

चार-पाचदा प्रयत्न झाला. दर वेळी माझं 'अर्थात' आडवं आलं. शेवटी कॅमेरामन यादवजी म्हणाले, "छोड़िए सर. बस सामने देखिए और सिर हिलाइए, एडिटिंग में काम आएगा." ते मात्र मला पहिल्याच फटक्यात जमलं.

संध्याकाळी बातमी लागली. एक उद्योगपती कपातीची तोंडभरून स्तुती करत होते आणि मध्येमध्ये मी मनापासून मान डोलावत होतो.

मी घाबरून फोन केला. "अगं मृणाल, मी विरोधात आहे!"

"मग उद्या परत या ना सर. उद्या विरोधकांचीच बाजू दाखवणार आहोत."

गेलो. पण एव्हाना उद्योगपतींचं म्हणणं मला थोडंसं पटायला लागलं होतं. मान धड हलेना. यादवजी वैतागले, "क्या हुआ सर? कल तो बढ़िया हिला रहे थे!"